एक मेच्या आत

एप्रिल सरत आला तरी सरोवर काठाशी गोठलेलंच.
रात्रपाळीहून आलो तेव्हा बुटांत मीठ,
रस्त्यावर टाकायचं, जाडं, करडं;
बावीस हिवाळे मी त्याचंच खातो.
टेबलावर तीन पत्रं, लोण्याच्या डबीला टेकवलेली.
आयली झोपलेली. पाय पांघरुणाबाहेर.

अंथरूण पाहून पाय पसरावेत, कबूल.
पण ही पोर चौदाव्या वर्षीच पावणेसहा फूट झाली.
अंथरूण काही आम्ही बदललं नाही,
पायांवर माझं जुनं जाकीट टाकत आलो.

पहिलं पत्र बॉस्टनजवळचं. कागद इतका जाड
की त्यावर पाव ठेवून कापता आला असता.
मदत देतो म्हणतात. मदत वजा जाता उरतात
वर्षाचे एकवीस हजार चारशे.
तो आकडा मी बर्फगाडीच्या नोंदवहीत लिहून पाहिला,
मैल, डिझेल, मीठ या रकान्यांशेजारी.
पाहुण्यासारखा बसून राहिला तिथे, कोट न काढता.

दुसरं इथलंच, आठ मैलांवरचं.
तो रस्ता मीच साफ करतो.
घरी राहायचं, घरचं जेवायचं, फी जवळपास माफ.
"यात विचार कसला करायचा?" लोरेन म्हणाली
आणि स्वतःच विचार करत उभी राहिली,
हातात बशी, नळ तसाच चालू.

तिसरं न्यू मेक्सिकोचं. सगळं माफ, राहणंसुद्धा.
नकाशावर एक वीत आणि चार बोटं.
तिथे माझ्यासारख्या माणसाचं काही कामच नाही.

मार्चमध्ये दीड दिवस बसने जाऊन बॉस्टनचं पाहून आलो.
दाखवणारा मुलगा उलटा चालत बोलत होता:
घंटाघर, प्रयोगशाळा,
कुणाच्या तरी आजोबांच्या नावाचा पोहण्याचा तलाव.
मला वाटलं, हेच. हिला इथेच धाडायचं.
परतल्यावर वायनोच्या गळ-आमिषांच्या दुकानात
काचेवर कार्ड लावलं:
बोट विकणे आहे. चौदा फुटी. मोटर नीट चालते.
घरी कुणाला बोललो नाही.

आयली त्या आठवड्यात एकटीच
आठ मैलांवरच्या कॉलेजात जाऊन आली होती.
हे मला फार उशिरा कळलं.
दगडांच्या वर्गात एका बाईंनी
तिच्या तळहातावर एक खडा ठेवला. म्हणाल्या, चाटून बघ.
हिने चाटला. सगळ्या वर्गासमोर.
खारट.
चाळीस कोटी वर्षांपूर्वी आटलेला समुद्र, बाई म्हणाल्या,
आपल्या रस्त्यांवर पडतो तो हाच.
"माझे बाबा टाकतात," ही म्हणाली,
आणि कुणी हसलं नाही.
हे सांगताना तिने जेवण थांबवलं होतं,
काटा हवेत, त्यावर बटाटा.
बॉस्टनबद्दल बोलताना ती नीट जेवत होती.

एकोणतीस तारखेला सकाळी लोण्याच्या डबीशी
एकच पत्र होतं, आणि त्याच्या खाली माझं कार्ड,
चिकटपट्टीसकट, काचेवरून काढलेलं.
खड्यामुळे ठरलं की कार्डामुळे,
मी विचारलं नाही.
विचारलं असतं तर तिने खरं सांगितलं असतं,
आणि दोन्हींतलं कुठलं खरं मला पेललं असतं, ठाऊक नाही.

"पण घरी राहणार नाही," ती म्हणाली.
"आठ मैलांवर?" लोरेन.
"आठ मैलांवर."
बेकरीत पहाटेचं काम बघितलं होतं तिने,
खोलीच्या भाड्याचा हिशेब केला होता,
माझ्याच नोंदवहीत, शेवटच्या पानावर,
माझ्यापेक्षा सुबक अक्षरात. एक बेरीज चुकली होती.
मी ती पेन्सिलीने दुरुस्त केली. तूट वाढली.
वाढू दे म्हटलं.

जूनमध्ये सामानाची यादी आली.
दिवा, टॉवेल, पंखा ऐच्छिक.
आणि एक ओळ, जी मी गाडीत बसून दोनदा वाचली:
खाटा नेहमीपेक्षा लांब आहेत. गादी ऐंशी इंच.
चादरी त्या मापाच्या आणाव्यात.