शहात्तर दिवस

हर्णैच्या जेटीवर कमळीआत्या
कल्ला उचलून मासा कधीचा ते सांगायची:
लाल म्हणजे पहाटेचा, तपकिरी म्हणजे कालचा,
पांढरट दिसला तर मुकाट पुढे व्हायचं.
डोळा फुगीर हवा. बोट दाबलं तर खड्डा राहता कामा नये.
एवढंच वैद्यक घेऊन मी विमानात बसलो.

इथे मुहर्रकला, बदरियाबाईंच्या दिवाणखान्यात
बाराशे लिटर समुद्र काचेत उभा.
आणि मला जित्या माशाचे कल्ले मोजायचे,
हात न लावता,
एक डोळा मनगटावरच्या घड्याळावर ठेवून.
मिनिटाला ऐंशी, चालेल.
एकशे तीस म्हणजे रात्र जागायची.

नळाला येतं ते समुद्राचंच पाणी, मीठ काढलेलं.
मी ते पुन्हा गाळतो
आणि बादलीतलं मीठ मापून मापून त्यात परत घालतो.
ड्रायव्हर बशीरक्का दर वेळी हसतो:
मग काढलं कशाला?

मंगळवारी अनफूजच्या पंखावर
(निळं अंग, मधोमध पिवळा पट्टा, इथल्याच आखातातला)
मीठ सांडावं तसे सात दाणे.
खांबाला पाठ घासणाऱ्या बैलासारखा
तो दगडाला अंग घासत होता.
दाणे असले तर एक रोग.
टॉर्च तिरका धरल्यावर सोनेरी पूड दिसली तर दुसरा,
आणि दुसरा फार वेळ देत नाही.
मी टॉर्च तिरका धरला. श्वासही धरला, माझा.

दाणेच होते.

शुक्रवारी तेही गेले.
बाईंच्या धाकट्यानं, दुऐजनं, टाळ्या वाजवल्या.
खलास, दख्तूर, बाई म्हणाल्या, बरा झाला.
मोडक्या अरबीत मी सांगत बसलो
की रोग नुसता उतरलाय,
खाली वाळूत कवच करून निजलाय,
एकाचे दोनशे होऊन उठेल.
आमच्याकडे ताप उतरला की देवापुढे साखर ठेवतात.
या घरात तोच शब्द मला वाईट बातमी म्हणून वापरावा लागला.

मग सगळे मासे जाळीनं काढले,
धुण्याच्या खोलीत, वाळू नाही की दगड नाही अशा उघड्या टाकीत,
लपायला नळाची दोन कोपरं.
आणि तांबं, थेंबाथेंबानं.
घरी तांब्याच्या तांब्यातलं शिळं पाणी
आम्ही उठल्याउठल्या प्यायचो, प्रकृतीला बरं म्हणून.
इथे कमी पडलं तर रोगाचं काही बिघडत नाही,
जास्त झालं तर मासाच जातो.
कुपीतला निळा रंग तक्त्याशी ताडून बघताना
माझे हात कापतात, हे बाईंना माहीत नाही.

दुसऱ्या रात्री सोहल गेला.
सवयीनं मी त्याचा कल्ला उचलला.
लाल.
आत्याच्या हिशेबानं एकदम ताजा.

दिवाणखान्यातली टाकी आता शहात्तर दिवस बिनमाशांची.
दिवा वेळेवर लागतो, पंप चालतो,
कोळंबी दगडाखालून मिशा हलवते.
पाहुणे काचेला नाक लावून विचारतात, आहे काय यात?
उपाशी रोग, असं अरबीत कसं म्हणायचं मला येत नाही.
दोन वर्षांमागे व्हिसाच्या तपासणीत
माझ्या छातीच्या फोटोत एक डाग निघाला होता.
तीन दिवस बाकावर बसवलं, चौथ्या दिवशी शिक्का मारला.
डाग कसला, ते कोणी सांगितलं नाही.

एक्केचाळिसावा दिवस.
अनफूजनं माझ्या बोटांतून शेवाळाची पट्टी ओढून घेतली,
नखासकट ओढली.
त्या आनंदात मी आत्याला फोन लावला,
पहिल्यापासून सगळं सांगितलं.
मेला त्याचं काय केलंस?
पुरला, खजुराच्या झाडाखाली.
पुरलास?
पलीकडे जेटीवरचा लिलाव ऐकू येत राहिला.
मग आवाज खाली आणून तिनं विचारलं,
मोठा होता काय रे?