कोंडा

तीनशे कॅसेटी निघाल्या होत्या. एकशेबारा विकल्या,
चाळीसेक फुकट वाटल्या, उरलेल्या
नागभीडच्या एका गोदामात घुशींच्या हाती लागल्या.
फितीचं घरटं करून त्यांनी त्यात पिल्लं घातली.
डोमाजी म्हणाला, चला, कोणीतरी आतपर्यंत गेलं.

स्टुडिओ म्हणजे झेरॉक्सच्या मागची खोली,
भिंतींना अंड्यांचे ट्रे, दाराला वाकळ.
एरवी तिथे नाटकांची गाणी भरायची,
नाहीतर एखाद्या सरपंचाचा प्रचार.
लाल बटण दाबायला मी.
सतरा वर्षांचा. रोजी वीस रुपये.

हे चौघं आले मंडई सरल्यावर, धान मळणीच्या दिवसांत.
डोमाजी नन्नावरे, राईस मिलवरचा,
खांद्यावर तुटका पट्टा, काखेत चाळणीचे तीन पत्रे.
इस्राईलभाई, वराती वाजवून ओठ सोललेला,
क्लॅरिनेटमध्ये फुंकायचा पण सूर लागू द्यायचा नाही.
लहानू गुरनुलेच्या पेटीचे सात सूर मुके होते
आणि तो नेमक्या त्याच पट्ट्या दाबायचा.
म्हणे, भात्यातला वारा पाहिजे, बाकी सारं लोकांजवळ आहे.

पुस्तकला मेश्राम गाणार नव्हती.
ती अंगणवाडीचं वजनाचं रजिस्टर वाचणार होती.
नाव. महिने. किलो. ग्रॅम.

मालक वाकळ सारून आत डोकावला,
"कवा सुरू करता जी?"
"सुरूच आहे," लहानू म्हणाला.

पहिली बाजू निभली.
दुसऱ्या बाजूला, एकविसाव्या मिनिटाला,
पुस्तकलाबाई एका नावाच्या मधोमध असताना
लाइन गेली.

टेप एकदम थांबत नाही. दमत दमत थांबते.
आणि भरताना जे मंदावतं
ते ऐकताना वर चढतं, हे मला तेव्हा कळलं:
तिचा जाड, विडीने खरवडलेला आवाज
शेवटच्या दीड सेकंदात पोरीसारखा होतो,
मग चिमणीसारखा,
मग नाहीच.

मालक म्हणाला, कापून टाकू.
डोमाजीने हात आडवा धरला.
"पाखडताना असाच उडते कोंडा. राहू द्या."

कॅसेट तिथेच संपते.
खोली नाही संपली.
त्या काळोखात बाई वाचतच राहिल्या,
रजिस्टर मिटून, पाठ होतं त्यांना सगळं,
पत्रा हळू वाजत होता, पेटी श्वास घेत होती,
आणि मी, बटणावरचं बोट तसंच ठेवून,
उरलेली चौतीस नावं ऐकली.
ती कुठेच भरलेली नाहीत.

यंदा जानेवारीत एक बाई दुकानात आली,
नवं सिम पाहिजे. आधारावर अजून माहेरचं नाव.
टिकेश्वरी घोडमारे.
उंच, दंडाने मजबूत, सुट्या पैशावरून माझ्याशी भांडली.

मशीनवर अंगठा उमटेना तिचा, कापूस वेचून घासलेला.
पुसा म्हटलं, परत ठेवा.
ती पदराला बोट पुसत होती
आणि माझ्या तोंडाशी आलं होतं:
अठरा महिने. सात किलो नऊशे.

बोललो नाही.
अकरा रुपये परत दिले.