ऐकण्याचे पैसे

उदगीरला नळेगाव रोडवर,
टायरवाला आणि बंद रसवंती यांच्यामधे
आमचं पत्र्याचं दुकान.
अब्बा मशिनी उघडतात, मी बिलं लिहिते.

सकाळी मन्मथ बिरादार आला,
पोत्यात गुंडाळलेली कटर मशीन घेऊन,
आजारी शेळी आणावी तशी.
विजेच्या तारांवर वाकलेली झाडं तोडतो तो,
ठेकेदार पैसे देतो झाडावर, दिवसावर नाही.
"दोरी वढू वढू खांदा निखळला,
सुरूच हुईना."

अब्बांनी टाकीचं झाकण काढून वास घेतला.
"ऑइल कमी," म्हणाले.
मन्मथ टायरवाल्याकडे बघत राहिला.

चाळीस रुपयांचं ऑइल वाचलं होतं,
पिस्टनवर उभे ओरखडे होते,
मांजरानं दारावर काढावेत तसे.
मी कार्बन घातला आणि लिहिलं :
पिस्टन, सिलिंडर, रिंगा मिळून बाराशे.
ऑइल सील दोन, ऐंशी.
कार्बोरेटरचा पडदा दीडशे.
(तो अब्बांनी उजेडाला धरून दाखवला,
वाळल्या कांद्याच्या पापुद्र्यासारखा ताठ.)
प्लग जुनाच चालेल.
मजुरी.

मजुरीपाशी माझा पेन नेहमी थांबतो.

"नवी साडेपाच हजाराला भेटलालीय, हे बगा,"
मन्मथनं मोबाइल पुढं केला.
फोटोत मशीन केशरी, कोरी,
लुसलुशीत हिरवळीवर ठेवलेली.
असली हिरवळ आमच्याकडे
फक्त सरकारी विश्रामगृहापुढं, तीही टँकरवर.
अब्बांनी मान वर केली नाही.
फळीवर अकरा मशिनी आहेत
"उद्या येतो" म्हणून गेलेल्यांच्या.
त्यांनीही आधी फोटोच दाखवला होता.

"करा," मन्मथ म्हणाला शेवटी. "पण सांजंपर्यंत."

मजुरी दोनशे लिहिली.

सांजेला मशीन पेटली.
धूर, कल्ला, रसवंतीच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली.
मला तर सगळा आवाज एकच वाटतो.
अब्बा डोकं तिरकं करतात, डावा कान इंजिनाकडे,
हातात बारीक पेचकस.
पाव फेरा.
"तहानलंय."
अर्धा मागं.
"आता ठसका लागला."
मग केसभर, पेचकस हललाही नसेल,
आणि अब्बांचा खांदा खाली येतो.
तेव्हा कळतं, जमलं.

उजवा कान गेला जनरेटरांच्या काळात.
बारा-बारा तास लाइट नसायची,
आख्ख्या उदगीरचं अंधाराचं गाऱ्हाणं
या पत्र्याखाली येऊन गुरगुरायचं.
त्या कानाचं बिल कुणाच्या नावानं फाडायचं?

लातूरच्या सर्व्हिस सेंटरमधे, म्हणतात,
नुसतं बघायचेच साडेतीनशे,
मशीन टेबलावर ठेवायच्या आधी.

मी पुन्हा पेन घेतला.
मजुरीच्या खाली एक ओळ रिकामी होती.
ऐकणे, मी लिहिलं. शंभर.
बेरीज केली, सतराशे तीस. पान फाडून दिलं.

मन्मथनं बिल बोट ठेवून वाचलं,
झाडाला आधी कुठं घाव घालायचा
ते बघतात तसं, बुंध्यापासून वर.
बोट त्या ओळीवर थांबलं.
"हे काय नवीन?"
मी काही बोलले नाही.
तो वाकला, दोरी ओढली,
पहिल्याच झटक्याला मशीन सुरू.
त्यानं डोकं तिरकं केलं. अगदी अब्बांसारखं.
ऐकलं. बंद केली. पुन्हा ऐकलं,
आता नुसती शांतता.

"पन्नास लावा, ताई."

मग आम्ही दोघं भांडलो,
साठ, नाही पंचावन्न,
ऐकण्याचा भाव ठरवत,
बाजारात मेथीच्या जुडीचा ठरवावा तसा.
साठावर तुटलं.
त्याच्या पानावर मी शंभर खोडून साठ केले.

अब्बांना यातलं काही कळलं नाही.
आम्ही त्यांच्या उजव्या बाजूला उभे होतो.

रात्री बिलबुक मिटताना बघितलं,
कार्बनखालच्या पानावर, निळं, जरा पुसट,
शंभरच आहे.