सातवी फेरी

सासूबाई झोपल्या की मी ओट्यावर टॅब ठेवते, फोन लावते.
विक्रोळी पार्कसाइटहून ट्रॉम्बे कोळीवाडा,
कुटुंब क्रमांक दोनशे अकरा,
उत्तर देणारी व्यक्ती: सुगंधा तांडेल.
तिला मी पाहिलेलं नाही.
खोकल्यावरून ओळखते, आणि मागच्या कोंबड्यांवरून.

टाळेबंदीच्या पहिल्या फेरीत म्हणाली, सगळं बरं हाय.
दुसऱ्या फेरीतही तेच.
तिसरीत मी यादी वाचत होते,
पंखा, टीव्ही, फ्रीज...
ती थांबली.
"नाय. नाय लिव, बाय."

आणि नवऱ्याचं इन्सुलिन?
हा प्रश्न फॉर्ममध्ये नव्हता.
"होऱ्या बंद, म्हनून बर्फ पन बंद.
मटक्यान ठेवलंय, वल्या फडक्यान."

चौथी फेरी. प्रश्न चौदा:
गेल्या तीस दिवसांत घरात कुणाला
उपचारांची गरज असून ते मिळाले नाहीत, असं झालं का?
हो. नाही. सांगता येत नाही.
"गरज कवरी धराची?" तिनं विचारलं.
"दिवसाला दोन सुया लागाच्या. आता एकीवर भागवताव.
भागतं, म्हंजे गरज एकीचीच ना?"

ट्रेनिंगमध्ये बजावलं होतं, उत्तर सुचवायचं नाही.
कुकरची शिट्टी शेजारच्या घरातून आली, दुसरी आली.
मी "नाही" वर बोट ठेवलं.

त्या महिन्यात तक्त्यातला दांडा
जरासा खाली आला.
सरांचा ग्रुपवर मेसेज: सुधारणा दिसतेय,
आणि अंगठा.

सातव्या फेरीला फोन मुलीनं घेतला.
कोंबड्या ऐकू येत नव्हत्या.
त्या यादीत नाहीत, म्हणून विचारलं नाही.
प्रश्न एक: घरात सध्या जेवणारी माणसं किती?
"तीन."
लाल अक्षरं उमटली:
मागील फेरीशी जुळत नाही. कृपया खात्री करून घ्या.

कशी घेऊ?
ती पलीकडे शहाण्यासारखी थांबलेली,
तोंडी परीक्षेला उभी असावी तशी.
मग स्वतःच म्हणाली,
"आय बोलली, चौदाव्याला सांग,
आता गरज नाय."

रात्री मी चौथी फेरी उघडायला गेले.
एकच खूण बदलायची होती.
जुन्या फेऱ्यांना कुलूप असतं.