भाष्य नाही

हवल्लीत, तळमजल्याच्या सातव्या गाळ्यात
मी खेळाची यंत्रं उघडतो.
खेळत नाही. उघडतो.
पंखा काढला की त्यांचं घर दिसतं:
बखूरची राख, मांजरीचे केस,
एकदा कुणा पोराने फटीतून सरकवलेलं
शंभर फिल्सचं नाणं.
वाळू तर असतेच.
तिला पत्ता विचारावा लागत नाही.

मार्चपासून दुरुस्तीला कुणी येईना.
नवं येणार म्हणे.
रोमेलच्या मेहुण्याने शुवैखच्या धक्क्यावर
एक काळी पेटी पाहिली, शिक्का नसलेली.
कुणाकडे फोटो आहे, इतका धूसर
की मला त्यात इस्त्री दिसली.
किंमत जो तो सांगतो
आपल्या खिशाला परवडणार नाही इतकी.
बाजारात तुरी,
आणि माझ्या काउंटरवर दोन सख्खे भाऊ
आधी कोण खेळणार यावरून हातघाईवर.

मग कंपनीचं पत्रक आलं.
उस्ताद मेधत चष्मा कपाळावर चढवून वाचत होते:
अशा कोणत्याही यंत्राची आमची योजना नाही.
अफवांवर आम्ही भाष्य करत नाही.
रोमेल म्हणाला, हे भाष्यच झालं की.
त्या संध्याकाळी अफवा दुप्पट झाली.
नुसतं नाही म्हणायला
इतक्या लांबून कोण येतं?

मंगळवारी वितरकाचा माणूस आला.
टाय, घाम, हातात पट्टी.
दर्शनी कपाट त्याने मापलं,
आडवं, उभं, पुन्हा आडवं.
आकडा लिहून वही मिटली.
कशासाठी, विचारलं तर म्हणाला, असंच.
माझे वडील देवरुखचे सुतार.
असंच कुणी पट्टी लावत नाही
हे मला दुधाच्या दातांपासून ठाऊक.

गुरुवारी बद्र आला. अकरा वर्षांचा,
दोन ईदींचे पैसे बिस्किटांच्या डब्यात.
सदीक, खरं सांग. घेऊ की थांबू?
उस्ताद मेधतची पाठ होती माझ्याकडे.
पाठीलाही कान असतात.
मी म्हणालो, नवं काही येत नाहीये.
त्याने नोटा मोजल्या, चुकला, पुन्हा मोजल्या.
मागच्या सीटवर पेटी ठेवून
तिला पट्टा बांधला.

गाळा विकणार, अशीही एक बातमी आहे.
मी विचारलं.
कोण म्हणतं? काहीही, उस्ताद म्हणाले,
आणि माझ्यासाठी चहा मागवला.
नऊ वर्षांत पहिल्यांदा.
वर साखर स्वतः ढवळून दिली.

रात्री फोनवर वृंदा.
तुम्ही कायमचे परत येणार म्हणे,
सरमळकरांची सून सांगत होती.
तसं काही ठरलेलं नाही, मी म्हणालो,
आणि माझाच आवाज मला पत्रकासारखा लागला.
पलीकडे बराच वेळ मिक्सर चालू होता.
मग ती म्हणाली, बरं.
माळ्यावरची मोठी बॅग
उन्हात टाकते तेवढी. वास येतो तिला.

बद्रच्या पावतीची प्रत माझ्या खणात आहे.
पंधरा दिवसांत माल परत घेतो आम्ही,
हे खाली बारीक अक्षरात छापलंय,
आणि मी त्याला मोठ्याने सांगायला हवं होतं.
बाराव्या दिवशी, दुपारी, शटर अर्धं खाली,
उस्ताद नमाजाला गेलेले,
मी पावतीवरचा नंबर लावला.
त्यानेच उचलला. मागे पंखा घरघरत होता,
नवा असूनही. मला कळतं ते.

काय झालं, सदीक? ते येतंय का?

भाष्य नाही, मी म्हणालो.
त्याला अर्थ कळला नसावा.
म्हणून म्हटलं,
खोका फाडला नाहीस ना?
पावती शोध.
आणि वडील उद्या मोकळे आहेत का विचार.