धावतं समालोचन

शेफील्डमध्ये सपाट रस्ता शोधूनही सापडत नाही.
वॉकलीचा चढ तर असा, की पायी जाणारी माणसंही
मध्येच थांबून खिशात उगाच काहीतरी चाचपतात.
त्या चढावर, लाल दिव्यापाशी,
माझी गाडी चौथ्यांदा बंद पडली.

मागे पांढरी व्हॅन.
आणि आत, नेहमीची ती सुरू झाली.
ती म्हणजे मीच, फक्त आवाज जरा चिरका
आणि मराठी माझ्यापेक्षा चोख.
'बघ. सांगितलं होतं ना.
एकोणपन्नास वय, तीनदा नापास.
सायकलसुद्धा भिंतीला धरून शिकलीस.
भूमितीच्या पेपरला कंपास विसरली होतीस,
आठवतंय?'

आठवतंय. डबी निळी होती.
तेवढ्यात सिग्नल हिरवा होऊन पुन्हा लाल झाला.

शेजारी डेनिस पुदिन्याच्या गोळीचा कागद सोडवत होती.
साठीची बाई, पस्तीस वर्षं
चुकणाऱ्या माणसांच्या डाव्या हाताला बसलेली.
म्हणाली, 'आत्ता कुठे गेली होतीस?'
काय सांगणार? जयसिंगपूर, दहावी ब, खिडकीजवळचं बाक?
'समोर दिसतं ते बोल. मोठ्याने.
दिसत नाही ते बोलू नकोस.'
मी इंग्रजी जुळवता जुळवता अडखळले,
तर म्हणे, 'तुझ्या भाषेत बोल की!
परीक्षा मला थोडीच द्यायचीय.'

कसोटी सामन्यात तासन्‌तास काही घडायचं नाही,
तेव्हा रेडिओवरचे लोक
मैदानावर उतरलेल्या कबुतरांचं सांगत बसायचे.
तशी मी सुरू झाले:

लाल दिवा. ओला रस्ता.
डावीकडे न्हाव्याचं दुकान, गिऱ्हाईक नाही,
रिकामी खुर्ची हळूहळू फिरतेय.
एक म्हातारा, पिशवीतून गाजराचा पाला बाहेर.
पिवळा.
क्लच वर येतोय. इंजिनाचा आवाज बदलला,
खाकरल्यासारखा.
गाडीचं नाक किंचित उचललं.
हँडब्रेक सोडतेय.
गाडी मागे जात नाही.
गाडी मागे जात नाही.
म्हातारा हसला. गाडी
निघाली.

वर पोचेपर्यंत मी बोलत होते.
चिमण्या, धुराडी, एका बाल्कनीतला एकच मोजा.
डेनिसला एक अक्षर कळत नव्हतं, पण 'हं' म्हणत होती,
हरिकथेला बसल्यासारखी.

घरी येताना बसमध्ये लक्षात आलं,
आतलीच्या बोलण्यात दोनच काळ:
'केलं होतंस' आणि 'जमणार नाहीस'.
यातलं दुसरं तर व्याकरणातही बसत नाही,
पण घाईत ती असंच बोलते.
मधला काळ तिला येत नाही.
हो, एकदाच म्हणते, 'बावळट आहेस.'
'आहेस' म्हणजे आत्ताच झालं की.
त्यावर काय करायचं, मला कळेना.
मग मी बसच्या काचेत बघितलं.
टोपी. ओले केस. हातात तिकीट.
बावळट कुठे दिसेना.
नीट बघितलं, तरी.

परीक्षेला अजून एकोणीस दिवस आहेत.
पास होईन असं नाही.
काल रात्री मी धुण्याच्या घड्या घालत होते
आणि तिचं चाललं होतं:
'परत तसंच होणार, हात थरथरणार,
तो परीक्षक वहीत काहीतरी लिहिणार...'
मी म्हटलं, टॉवेल. बाही उलटी. बटण एक कमी.
तिचं चालू, माझं चालू.
दोघीही हटेनात.

मग मध्येच ती थांबली.
आणि जरा वेगळ्याच आवाजात म्हणाली,
'अगं, दूध.'

वळून बघितलं.
पातेल्याच्या काठापर्यंत आलं होतं.