एकतीस मार्चपर्यंत

सत्तावीस फेब्रुवारीला मला पंचवीस पूर्ण झाली
आणि दुसऱ्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीत
एचआरच्या गायधनी मॅडमनी आईला बोलावून सांगितलं,
"चंद्रकलाताई, मुलाचं नाव आता निघेल.
पण पॉलिसीचं वर्ष आहे तोवर चालेल हं,
एकतीस मार्चपर्यंत."
दुधाच्या पिशवीवर छापलेलं असतं, तसं.

आई सातपूरच्या कारखान्यात स्विचांना स्क्रू लावते.
एकोणीस वर्षं झाली. त्यातली चार कंत्राटात.
कायम झाली त्या दिवशी तिनं पेढे आणले नाहीत,
एक निळं कार्ड आणलं.
वर तिचं नाव, खाली लिहिलेलं : अवलंबित,
आणि तिथं आम्ही दोघं.
प्राजूनं विचारलं, अवलंबित म्हणजे काय गं?
"लोंबकळणारे," आई म्हणाली. "घट्ट धरा."

अकराव्या वर्षी माझं स्वादुपिंड संपावर गेलं
ते अजून कामावर आलेलं नाही.
मुंबई नाक्याच्या दवाखान्यात सलाइन सकाळीच काढली,
मंजुरी मात्र येईना.
आई काउंटरपाशी संध्याकाळपर्यंत उभी,
कार्ड हातात असं धरलेलं
की कंडक्टर येईल आणि पास बघेल.

प्राजूचं नाव लग्न होईपर्यंत राहणार.
"मला अक्षता पाडतील, तुला केक,"
ती हसली, आणि मग मोबाइल उपडा ठेवला.
त्यात कुणा मुलाचा फोटो होता, मी विचारलं नाही.

मार्चभर आई माझ्या मागे.
काय दुखतंय ते आत्ताच सांग.
डोळे? पाय? छातीत कधी चमक?
पडायचंच तर या महिन्यात पड.
मी द्राक्षांच्या गाड्यांमधून वाट काढत
पाथर्डी फाट्यापर्यंत पार्सलं पोचवत होतो
आणि त्या महिन्यात इतका ठणठणीत होतो
की घरी येताना लाज वाटायची.

त्रिंबक नाक्यावर सोनजे नावाचे एजंट.
"साखर आधीपासूनची आहे ना,
पॉलिसी मिळेल, पण त्या आजाराला
तीन वर्षं थांबावं लागेल."
आई म्हणाली, "त्याचं रक्त थांबणार आहे का तीन वर्षं?"
माणूस वाईट नव्हता.
त्यांनी चहा मागवला.
त्यातला एक बिनसाखरेचा, न सांगता.

एकतीसच्या रात्री आई झोपली नाही.
फ्रिजच्या दारात लसणाच्या चटणीशेजारी
माझी इन्सुलिनची पेनं, नेहमीसारखी.
पावणेबाराला बोट टोचलं.
"किती?"
एकशे बारा.
बाराला पाच कमी. "आता?"
आई, पाच मिनिटांत काय बदलणार?
ती घड्याळाकडे बघत राहिली.
पवननगरच्या चौकात एक कुत्रं भुंकलं, गप्प झालं.
बारा वाजून गेले होते,
ते आम्हाला दोघांनाही जरा उशिराच कळलं.

एप्रिलात मी माझा फॉर्म माझ्या हातानं भरला.
अवलंबित : रकाना मोकळा.
नॉमिनी : तिचं नाव. नातं : आई.
जन्मतारीख. इथं पेन अडलं.
माझी ती दरवर्षी न बघता लिहीत आली.
"एक जून घाल," ती स्वयंपाकघरातून म्हणाली,
"गुरुजींनी लावलेली."
आणि खरी?
तिनं कुकरची शिट्टी होऊ दिली.
"द्राक्षाची छाटणी चालू होती म्हणे ओझरला.
बाप बागेत होता, निरोप उशिरा गेला."

फॉर्मवर आठ चौकोन होते, आकड्यांचे.
छाटणी त्यात बसेना.
मी एक जून लिहिलं.

"आणि तो आजाराचा रकाना,"
ती हात पुसत दारात येऊन उभी राहिली,
"तो मोकळा सोडू नकोस.
तिथं खरं घाल."